खाली-वर निखाऱ्यांवरचं धोंडस ओव्हनमध्ये कसं जमवायचं?

आंबेमोहोर५८

नमस्कार मंडळी.

आई ८६ वर्षांची आहे. गुहागर तालुक्यातलं गाव सोडून ती डोंबिवलीला माझ्याकडे आली त्याला चार पावसाळे झाले. गेल्या आठवड्यात चुलतभावाने गावाहून येणाऱ्या एकाबरोबर पोतं पाठवलं. त्यात चार तवशी (मोठ्या जून काकड्या) निघाली, हातभर लांब, पिवळी पडलेली, सालीवर जाळी धरलेली. आईने त्यातलं एक मांडीवर घेतलं, देठाशी वास घेतला आणि म्हणाली, "धोंडस कर."

मी ३४ वर्षं बँकेत होतो. निवृत्त झाल्यावर स्वयंपाकघर माझ्याकडे आलं, कारण बायको अजून शाळेत शिकवते. पोळ्या, आमटी, उकडीचे मोदक एवढं आता हातात बसलंय. पण धोंडस, म्हणजे तवशाचा कीस, गूळ आणि तांदळाचा रवा शिजवून भाजलेला गोड पदार्थ, मी फक्त खाल्लेलं आहे, करताना नीट पाहिलेलं नाही. आठवतं ते एवढंच: आई पितळेच्या कल्हईच्या टोपात काहीतरी शिजवत असायची, मग टोप निखाऱ्यांवर बसायचा, वर परात, आणि परातीतही निखारे. बाकी आम्ही झोपलेलो असायचो.

आईला प्रमाण विचारलं तर ती म्हणते, "कीस बघून रवा घालायचा." एवढ्यावरून मी दोन वेळा करून पाहिलं.

पहिल्या खेपेला तवसं सोलून, बिया काढून किसलं. किसाबरोबर गूळ उकळला, त्यात दुकानातला इडली रवा, ओलं खोबरं, वेलची, चिमूटभर मीठ. मिश्रण पळीवाढं असतानाच अॅल्युमिनियमच्या खोल पातेल्यात ओतलं, जवळजवळ चार इंच थर झाला. ओटीजी (छोटा विजेचा ओव्हन) २०० अंशांवर, खालचे-वरचे दोन्ही रॉड चालू, ५० मिनिटं. वरून काळं पडलं आणि सुरी घातली तर मध्ये लापशी.

दुसऱ्या खेपेला १६० अंशांवर दीड तास ठेवलं. आतून शिजलं, पण कडा वाळल्या आणि रवा दाताखाली कचकचत राहिला. आईने दोन घास खाल्ले, ताटली बाजूला ठेवली. "गोड आहे हो. पण हा सांजा झाला. वास कुठाय?"

दोन तवशी उरली आहेत. गावी ती वाशाला सुतळीने टांगून दिवाळीपर्यंत टिकवतात, इथे खिडकीच्या गजाला टांगली आहेत. मला ती वाया घालवायची नाहीत. तेव्हा जाणकारांनी सांगा: रवा कुठला, थर किती जाड, तापमान काय? आणि त्या वासाचं काय करायचं?

तुमच्याकडेही पूर्वी निखाऱ्यांवर, भट्टीत, शेणीवर भाजायचे आणि आता गॅसवर किंवा ओव्हनमध्ये करता असे पदार्थ असतील. तेही सविस्तर लिहा. माझ्या धोंडसाचं उत्तर दुसऱ्याच कुठल्या पदार्थात सापडेल असं मला वाटतंय.

शुभदा_ठाणे

दादा, पहिली गोष्ट रव्याची. दुकानातला इडली रवा बहुतेक उकड्या तांदळाचा असतो. तो पाणी पितो पण कणी सुटी राहते, म्हणून कचकच. धोंडसाला साधा जुना तांदूळ धुवा, फडक्यावर सावलीत वाळवा आणि मिक्सरला फिरवून कणी काढा. बारीक रव्याइतकी, पीठ नको. मग थोड्या तुपावर मंद गॅसवर भाजा. पंधरा-वीस मिनिटं लागतात. रंग फार बदलत नाही, पण भाजलेल्या भाताचा वास घरभर येतो. तो आल्याशिवाय गॅस बंद करू नका. तुम्ही रवा भाजलात असं कुठे लिहिलेलं नाही, त्यामुळे निम्मा वास तिथेच गेला असणार.

दुसरं, तवशाचं पाणी टाकू नका. बियांभोवतीचा गर चाळणीवर चोळून गाळून घ्या, खरी चव त्यात आहे. आणि किसण्याआधी देठाकडचा तुकडा चाखा. कडू लागला तर ते तवसं बाजूला ठेवा, गूळ कितीही घातला तरी कडूपणा झाकत नाही.

माझं प्रमाण: रसासकट चार वाट्या कीस, दोन वाट्या कणी, दीड वाटी चिरलेला गूळ, एक वाटी ओलं खोबरं, मूठभर खोबऱ्याचे काप, दोन मोठे चमचे तूप. पळीवाढं असताना ओतायचं नाही. झाकण ठेवून वाफ आणत आणत इतकं शिजवायचं की कडा सुटून गोळा झाला पाहिजे. कणी बोटाने दाबली तर मऊ लागली पाहिजे. शिजवण्याचं काम गॅसवरच संपलं पाहिजे, ओव्हनला फक्त भाजायचं काम ठेवायचं. थर दीड-दोन इंच, त्याहून जास्त नाही.

आमच्या सीकेपी घरात कोबीचं भानोलं असंच खाली-वर निखाऱ्यांवर व्हायचं. आता मी ते ओटीजीत करते. दोन वाट्या अगदी बारीक चिरलेला कोबी, एक कांदा, वाटीभर बेसन, दोन चमचे तांदळाचं पीठ, आलं-लसूण-मिरचीचं वाटण, हळद, मीठ, वाटीभर नारळाचं दाट दूध, पाव वाटी तेल. कोबीला मीठ आधी लावू नका, पाणी सुटून मिश्रण सैल होतं. १८० अंशांवर ३५ ते ४० मिनिटं. शेवटची पाच मिनिटं फक्त वरचा रॉड, म्हणजे वर खमंग पापुद्रा येतो. कोलंबीचं करायचं तर कोलंबी आधी हळद-मीठ लावून तेलावर नुसती परतून घ्या, नाहीतर तिचं पाणी भानोल्यात उतरतं. गरम असताना कापायचा मोह आवरा.

म्हापशेकार

काका, आमच्याकडे गोव्यात तवसाळी करतात, तुमच्या धोंडसाची बहीणच. आमची आई भांड्याच्या तळाशी हळदीचं पान घालायची आणि वरही एक पान. तुमच्या गावीही नक्की असणार. आईना विचारून बघा. हळदीचं पान तापलं की जो वास सुटतो तो वेलचीने येत नाही.

वरच्या निखाऱ्यांचं महत्त्व बेबिंका करताना कळतं. अंड्याचा बलक, नारळाचं दूध, साखर, मैदा यांचं पातळ मिश्रण. त्याचा एक थर ओतायचा, फक्त वरच्या आचेवर भाजायचा, वर तूप, मग पुढचा थर. सात थर तरी हवेत. जुन्या पद्धतीत झाकणावर नारळाच्या सोडणांचे निखारे ठेवत. ओव्हनमध्ये करताना पहिला थर तेवढा दोन्ही रॉडवर, नंतरचे सगळे फक्त वरच्या रॉडवर. खालची आच चालू राहिली तर तळाचा थर कोळसा होतो.

बेबिंकाला अख्खी दुपार जाते. रोजच्यासाठी बातिका करा. दोन वाट्या बारीक रवा, दोन वाट्या वाटलेलं ओलं खोबरं, दीड वाटी साखर, तीन अंडी, शंभर ग्रॅम लोणी, चमचाभर बेकिंग पावडर. बेकिंग पावडर सोडून सगळं मिसळून रात्रभर फ्रीजमध्ये. रवा फुगायला वेळ लागतो, घाई केली तर बातिका भुरभुरते. सकाळी मिश्रणाचा गारठा जरा जाऊ द्या, बेकिंग पावडर घाला आणि १८० वर ४० मिनिटं.

वासासाठी करवंटीचा पेटता निखारा वाटीत ठेवून, वर तुपाचा थेंब सोडून, दोन मिनिटं झाकण घालून बघा. देव बरें करूं.

खोली_क्र_१४

मी पुण्यात नर्सिंगचं शिक्षण घेते. आम्ही तिघी एका खोलीत राहतो. एक शेगडी, एक कुकर, एक जाड कढई. ओव्हन नाही. आमच्यातल्या एकीचा वाढदिवस पुढच्या रविवारी आहे. तिला घरचा केक खायचाय, अंड्याशिवाय. यूट्यूबवर दहा जण दहा प्रकार सांगतात. कृपया कुणीतरी एक खात्रीचा प्रकार सांगा. धाग्यात मध्येच विचारते आहे, राग नसावा.

आंबेमोहोर५८

राग कसला, याच कामासाठी धागा काढलाय. ज्यांना येतं त्यांनी हिला आधी उत्तर द्या, तिचा रविवार जवळ आहे.

शुभदाताई, रवा मी भाजला नव्हता. पाकिटावर भाजलेला असं लिहिलं होतं त्यावर विसंबलो.

हळदीच्या पानाचं आईला विचारलं. ती म्हणाली, "मग? पान नसलं तर ते धोंडस कसलं? सांगायचं काय त्यात." आमच्या परड्यात हळद होती आणि पान काढून आणायचं काम माझंच असायचं, हे मला ती बोलल्यावर आठवलं. पन्नास वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं.

करवंटीच्या धुराचंही तिला सांगितलं. त्यावर ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "त्या धुराने माझे डोळे गेले. धूर नको आणूस घरात." तिच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली आहेत. डॉक्टर कारण काय सांगतात ते वेगळं, ती तिचं कारण सांगते आणि मला ते मान्य आहे. चाळीस वर्षं ती त्या चुलीपुढे बसली. मी ज्याला गावचा वास म्हणत होतो तो तिच्यासाठी खोकला होता. तेव्हा म्हापशेकार, पान घेतो, निखारा नाही.

वऱ्हाडातून

राम राम. आमच्या अकोल्याकडचे रोडगे सांगतो, त्यातून तुमच्या कामाचं एक निघेल.

गहू जाडसर दळायचा, रवाळ. त्यात मीठ, ओवा, कडकडीत तेलाचं मोहन, आणि घट्ट भिजवायचं. लहान लहान तीन पुऱ्या लाटायच्या, प्रत्येकीला तूप लावून एकावर एक ठेवायच्या, मोठ्या पारीत बांधून गोळा करायचा. शेतात गोवऱ्या पेटवतात, जाळ पूर्ण बसू देतात आणि मग निखाऱ्यात रोडगे ठेवून वरून राख-निखारे ओढतात. सोबत वांग्याची भाजी आणि वरण. रोडगा फोडला की आतले पदर सुटले पाहिजेत आणि त्यात तूप जिरलं पाहिजे.

घरच्या ओव्हनमध्ये मी पहिल्यांदा केले तेव्हा २०० वर ठेवले ते ठेवलेच. बाहेरून दगड, आतून कच्चे. मग विचार केला की गोवरीचा निखारा काय करतो? सुरुवातीला धगधगतो, मग हळूहळू उतरत जातो. शेवटी नुसती ऊबदार राख राहते. ओव्हन मात्र एकच आकडा धरून बसतो. तेव्हापासून मी आकडा खाली आणत जातो: २२० वर दहा मिनिटं, उलटून १८० वर वीस, मग १५० वर पंधरा, मग बंद करून आतच दहा मिनिटं. आता रोडगे शेतातल्यासारखे फुटतात.

तुमचं धोंडस पण निखाऱ्यावरचंच आहे. उतरत्या आचेवर करून पाहा. आणि आईला विचारा, टोप किती वेळ चुलीवर राहायचा?

भट्टीची_नानकटाई

खोली क्र. १४, बाळ, आधी तुझं.

कुकर वापरू नकोस, कोरडा तापवून तो बिघडला तर तुमचं रोजचं जेवण अडेल. कढई घे. तळाला बोटभर जाड मिठाचा थर, त्यावर एखादी जाळी किंवा छोटी उलटी ताटली. घट्ट बसणारं झाकण ठेवून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापव. मीठ फेकू नकोस, डब्यात भरून पुढच्या वेळी तेच वापर.

दीड वाटी मैदा, किंवा निम्मी कणीक निम्मा मैदा. त्यात एक सपाट चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा खायचा सोडा, चिमूट मीठ, दोनदा चाळ. दुसऱ्या भांड्यात पाऊण वाटी दही, पाऊण वाटी पिठीसाखर, अर्धी वाटी वास नसलेलं तेल, व्हॅनिला. सोड्याला आंबट लागतं, ते काम दही करतं, म्हणून अंड्याची गरज पडत नाही. पण दही आणि सोडा एकत्र आले की बुडबुडे लगेच सुरू होतात. म्हणजे कढई तापल्यावरच दोन्ही एकत्र कर. लागेल तसं दूध घाल, साधारण अर्धी वाटी. फार फेटू नकोस, केक चिवट होतो. स्टीलचा सपाट डबा तेल लावून, पीठ भुरभुरून, निम्माच भर. झाकण लावल्यावर आच बारीक. पहिली तीस मिनिटं झाकण उघडायचं नाही. चाळीस मिनिटांनी मधोमध सुरी घाल, कोरडी आली की झालं. वर तपकिरी रंग येणार नाही, कारण वरून आच नाही. त्यावर पिठीसाखर चाळणीने भुरभुरवा, छान दिसतं.

आता माझं. मी सांगलीकडची. लहानपणी दिवाळीच्या आधी आम्ही मैदा, रवा, साखर, तूप घेऊन बेकरीत जायचो. सामान आपलं, भट्टी त्यांची, पैसे किलोवर. पत्र्याचा डबा घेऊन ओळीत बसायचं, आणि आपला ट्रे कुठला ते डोळ्यात तेल घालून पाहायचं. परत येताना डबा इतका गरम असायचा की फडक्याने धरावा लागे.

घरी ती नानकटाई जमायला मला खूप वर्षं लागली. अडचण तुपात होती. मी तूप वितळवून घालत होते, आणि नानकटाई पसरून चपटी होत होती. तूप थिजलेलं, रवाळ हवं. एक वाटी तूप आणि एक वाटी पिठीसाखर हाताने एकाच दिशेने फेसायची, पांढरी हलकी होईपर्यंत. थिजलेल्या तुपात हवा धरून राहते, पातळ तुपात ती टिकत नाही. मग दोन वाट्या मैदा, दोन चमचे बेसन, दोन चमचे रवा, पाव चमचा सोडा, वेलची, जायफळ. गोळे करून अर्धा तास फ्रीजमध्ये, मग १६० वर अठरा-वीस मिनिटं. बाहेर काढताना मऊच लागतात, घाबरून पुन्हा आत सारू नका. गार झाल्यावर खुसखुशीत होतात.

खोली_क्र_१४

काकू, आम्ही आजच एक छोटा करून पाहिला. फुगला! रविवारी मोठा करणार. मीठ डब्यात भरून ठेवलंय.

आंबेमोहोर५८

आज सकाळी तिसरं धोंडस उघडलं. झालं ते सगळं लिहितो.

"टोप किती वेळ चुलीवर राहायचा?" हा वऱ्हाडातून आलेला प्रश्न मी आईला जसाच्या तसा विचारला. ती म्हणाली, "रात्रीची जेवणं झाली की बसवायचा. सकाळी उतरवायचा. निखारे विझेपर्यंत कुणी हात लावायचा नाही." म्हणजे आम्ही झोपल्यावर ते रात्रभर उतरत्या आचेवर बसायचं, आणि मी दीड तासाचा हिशेब करत होतो.

शुभदाताईंच्या प्रमाणाने केलं. कोलम तांदळाची कणी काढली, पंचवीस मिनिटं भाजली. वास आल्यावर आई खोलीतून काठी टेकत आली आणि ओट्याजवळ खुर्ची घेऊन बसली. गोळा होईपर्यंत शिजवायला आणखी पस्तीस मिनिटं गेली, हात भरून आला. हळदीची पानं बाजारात भाजीवाल्या मावशींकडे मिळाली. दोन तळाला, एक वर. थर पावणेदोन इंच. वरून अॅल्युमिनियमचं झाकण.

रात्री साडेनऊला आत ठेवलं. २०० वर पंधरा मिनिटं, १७० वर तीस, १४० वर तीस. मग झाकण काढून फक्त वरच्या रॉडवर आठ मिनिटं, आणि बंद. दार सकाळपर्यंत उघडलं नाही. रात्री दोनदा उठून ओव्हनजवळ गेलो, पण उघडलं नाही.

सकाळी वड्या पाडल्या. रंग मधासारखा गडद, सुरीला काही चिकटलं नाही, कणी मऊ. एकच उणीव राहिली, तळ थोडा ओलसर आहे. पुढच्या वेळी ट्रे एक खण खाली ठेवणार. गूळही पाव वाटीने कमी चालेल, हे तवसं चांगलं पिकलेलं होतं.

आईला मधली मऊ वडी दिली. तिने ती परत केली. "कड दे." कवळी लावून, दुधात बुडवून, तिने कडेचे तीन तुकडे खाल्ले. चौथा पदराच्या टोकात बांधून ठेवला, दुपारी दिसला मला. वासाबद्दल काही बोलली नाही. विचारायला माझी जीभ धजली नाही.

संध्याकाळी मात्र आपणहून म्हणाली, "तो टोप माळ्यावर आहे. गव्हाच्या कोठीच्या मागे. काढला नाहीत तर सडेल तो तिथेच." पितळेचा आहे, कल्हई उडालेली असणार, आणि गुळाचं मिश्रण तशा पितळेत रात्रभर ठेवता येणार नाही. दिवाळीत गावी जाऊन तो घेऊन येतो. एक तवसं त्यासाठी राखून ठेवलंय.

डोंबिवली, कल्याण, ठाणे, कुठेही अजून कथलाची चांगली कल्हई करून देणारे कुणी बसत असतील तर ठिकाण कळवा. स्टेशनजवळ असेल तर उत्तम, टोप जड आहे.